शिंगाळ्याचा ठोका

पॉलिनने सहाही गाण्यांचं मराठी दोन दिवसांत करून दिलं होतं आणि तिचं तिलाच ते पटलं नव्हतं. ती वसईजवळच्या नंदाखाल गावची, केळीच्या वाडीत वाढलेली, शाळेत मराठी शिकवणारी. गाणी मात्र सुक्या मासळीवरची. नॉर्वेच्या एका संगीतकार बाईंनी ती चार वर्षांपूर्वी रचली होती, एक आवाज, एक चेलो आणि एक क्लॅरिनेट, एवढ्यांसाठी. सहाही एकापाठोपाठ एक गायची.

हे सगळं तिच्या भावामुळे झालं. आग्नेल वसईत व्हायोलिन शिकवायचा. मुंबईच्या एका कार्यशाळेत त्याला ते तिघे नॉर्वेजियन कलाकार भेटले, आणि आमच्या अर्नाळ्यालाही मासे असेच वाळत घालतात असं तो बोलून गेला. गायिका सिग्ने लगेच म्हणाली, मग आम्ही तिथे गाणार. दोन हजार चारच्या जानेवारीतला रविवार ठरला.

पाचला कार्यक्रम. तीन वाजता पॉलिन कागद घेऊन अर्नाळ्याच्या कोळीण सावित्रीबाईंच्या दारात बसली. सावित्रीबाईंचे बोंबील किनाऱ्यावर लांबवर टांगलेले असायचे, त्यामुळे चुकलेलं त्यांना कळेल असं तिला वाटलं.

"'लाकडी चौकटीवर मासे झुलती,'" तिने वाचलं.

"चौकट फोटोला असते, टीचर. आमी वलांडी म्हनतो."

पॉलिनने चौकट खोडली. पुढच्या ओळीत मासे तीन महिने वाऱ्यावर राहिले होते. सावित्रीबाईंनी हातातली जाळी खाली ठेवली.

"तीन महिने? आमचा बोंबील तीन दिसांत कडक होतो. तीन महिन्यांत किडं पडतील."

"तिकडे थंडी असते मावशी. मोठे मासे असतात."

"असंल," सावित्रीबाई म्हणाल्या, पण तोंडावर विश्वास नव्हता.

तेवढ्यात आग्नेल पाहुण्यांना घेऊन आला. सिग्ने उंच, पन्नाशीची, उन्हाने लाल झालेली. तिचा चेहरा उतरलेला बघून पॉलिनने इंग्रजीत कारण विचारलं. चौथ्या गाण्यात दोन वाळलेले मासे एकमेकांवर आपटून ताल धरायचा असतो, सिग्ने म्हणाली. संगीतकार बाईंनी तसं लिहूनच ठेवलंय. ते मासे तिने घरून बरोबर आणले होते. पण सकाळी हॉटेलात खोली झाडायला आलेल्या माणसाने वास येतो म्हणून फेकून दिले.

पॉलिनने हे मराठीत सांगितलं. सावित्रीबाई आधी हसल्या, मग उठल्या आणि आतून टोपली घेऊन आल्या.

पहिल्यांदा बोंबलांची जुडी हलवून झाली. नुसती खुळखुळली. सिग्नेने मान हलवली. मग लांबसडक वाकट्या. त्यातली एक दुसऱ्या फटक्याला मोडली. सुका बांगडा भद्द वाजला. सिग्ने डोळे मिटून ऐकायची, चेलोवाला पायाने ताल धरून बघायचा, आणि सावित्रीबाई प्रत्येक मासा असा पुढे करायच्या जसं काही लग्नाची साडी दाखवतायत. पॉलिन मध्ये बसून दोन्हीकडचं सांगता सांगता कधी हसायला लागली ते तिलाही कळलं नाही.

शेवटी तळातून दोन खारवलेले शिंगाळे निघाले. त्यांची डोकी म्हणजे निव्वळ हाड. सावित्रीबाईंनी डोक्यावर डोकं मारलं. टक्. कोरडा, स्वच्छ, लाकडासारखा आवाज. सिग्नेने डोळे उघडले आणि पुन्हा वाजवायला सांगितलं.

पाचला गावातला हॉल भरला. पुढे बायका, मागे पुरुष. पॉलिन प्रत्येक गाण्याआधी चार ओळी मराठीत वाचायची आणि मग संगीत सुरू व्हायचं. सूर सरळ नव्हते. चेलो कधी दोरखंडासारखा करकरायचा, क्लॅरिनेटमधून बराच वेळ फक्त वारा यायचा. पण 'वलांडी' शब्द ऐकला आणि बायका एकमेकींकडे बघून सावरून बसल्या. पॉलिनचा आवाज त्यानंतर मोकळा झाला.

चौथ्या गाण्यात सिग्नेने शिंगाळे उचलले. माशांच्या पोटाला धरून आपटले, तर आवाज दबका आला.

"शेपटीला धर," सावित्रीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

पॉलिन दचकली. पण सिग्नेला भाषांतराची गरज पडली नाही. तिने पकड बदलली, पुढचा ठोका टक् करून हॉलभर गेला आणि क्लॅरिनेटवाल्याला हसू आवरेना, म्हणून त्याचे दोन सूर राहून गेले. कुणाचं काही बिघडलं नाही.

सहावं गाणं किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईचं होतं. समुद्रावर धुकं, होडी दिसत नाही, एवढंच. ते फार हळू संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तिला इचार," सावित्रीबाई पॉलिनला म्हणाल्या, "होडी परत आली का?"

पॉलिनने विचारलं, तशी सिग्नेने समोरची पानं चाळली. संगीतकार बाईंनी ते लिहिलेलं नाही, आणि आपणही कधी विचारलं नाही, असं तिने सांगितलं.

सावित्रीबाईंनी एका क्षणात निकाल लावला. "आलीच असंल. नायतर वलांडीवर मासं कुठनं आलं?"

पॉलिनने हे इंग्रजीत सांगितलं, तशी सिग्ने खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने स्वरलिपीचं शेवटचं पान पुढे केलं, पेन्सिल पॉलिनच्या हातात दिली आणि ते वाक्य तिथे मराठीतच लिहायला लावलं.