अडतीस वेळा ‘झालं’

सकाळचे साडेसात वाजले आणि फोन वाजायला लागला. रोहिदासने खाटेवरून न उठताच हात लांब केला. फोन बायकोचा, नंदाचा, काचेला तडा गेलेला. पडद्यावर तिनेच लिहिलेली ओळ होती: ‘जैतू – गोळ्या, समोर.’ खाली दोन बटणं, ‘नंतर’ आणि ‘झालं’. ‘नंतर’ दाबलं की दहा मिनिटांनी फोन पुन्हा ओरडतो, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्याने ‘झालं’ दाबलं. फोन गप्प झाला. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

नंदा गावची आशाताई होती. कामं विसरायला नकोत म्हणून शेलूला दिलेल्या लेकीने, प्रियाने, आईच्या फोनवर ही यादी बसवून दिली होती. एकदा लिहिलं की ते काम रोज, नाहीतर दर सोमवारी, आपोआप पुन्हा वर यायचं. नंदा मोरीत भांडी घासता घासता बसली ती उठलीच नाही, पण यादीला ते ठाऊक नव्हतं. सोमवारी अंगणवाडीतली वजनं यायची, बुधवारी लसीचं. रोज एक वाजता यायचं: ‘ह्यांना फोन – जेवले का.’ नवऱ्याचं नाव तिने यादीतही घेतलं नव्हतं. रोहिदास मोहोपाड्याच्या एका कंपनीत पंपावर होता, आणि बरोबर एक वाजता ती कुठूनही फोन करायची. आता तो रजा टाकून घरात पडलेला असायचा. जेवलेला नसायचा. तरी एक वाजता ‘झालं’ दाबायचा.

“बाबा, तो फोन बंद करून ठेवा,” प्रिया म्हणाली होती.

“राहू दे,” तो म्हणाला होता. घरात नंदाचं म्हणून चालू असलेलं तेवढंच उरलं होतं.

त्या दिवशी आठाच्या सुमारास संजना आली. शेजारच्या गावची आशाताई. नंदाची मैत्रीण, आणि ती गेल्यापासून दोन्ही गावं तीच बघत होती.

“भावोजी, हाय का कोनी घरात? का हाका मारून गाव गोळा करू?”

रोहिदासने दार उघडलं.

“च्या नको, घाईत हाय. ताईकडचं रजिस्टर न वजनकाटा न्यायला आले.” ती उंबऱ्यातच थांबली, त्याच्या वाढलेल्या दाढीकडे तिने बघितलं आणि आवाज खाली आणला. “आनि एक सांगायचं होतं. माझ्या नवऱ्याला मी रोज तुमचंच उदाहरन देते.”

“माझं? काय म्हनून?”

“जैतूच्या गोळ्यांचं. ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं एक खाडा नाय. सुतकात सुदा नाय. यादी आमच्या दोघींच्या फोनवर एकच ना, मला सगळं दिसतं. रोज बरोबरची खून! त्यावरनंच मी त्याच्या कार्डावर लिवते. वाडीवर चढायला माझ्यात पाय उरले नायत, पन मी म्हनलं, तिकडं भावोजी हायत.” तिने पिशवीतून औषधाचा खोका काढला. “हा नवीन घ्या. पहिला संपला आसंल.”

रोहिदासने खोका घेतला नाही. तो आत गेला आणि लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडला. जैतूच्या कुडाच्या घरात उंदीर फार, म्हणून गोळ्या नंदा स्वतःकडे ठेवायची आणि रोज एका दिवसाच्या घेऊन वर जायची, समोर गिळायला लावायची. पट्ट्या तिथेच होत्या. वरच्या पट्टीवर तिच्या पेनाने तारखा घातलेल्या. शेवटची तारीख ती गेली त्या दिवसाची. पुढच्या सगळ्या गोळ्या जागच्या जागी.

“संजना, मी गेलो नाय.”

“आज नाय? मंग आता जावा की.”

“एकदा पन नाय.”

“मग खुना कोनी केल्या?”

“फोन गप करायला दाबत होतो.”

संजना उंबऱ्यावर खाली बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. “अडतीस दिवस,” ती म्हणाली. “भावोजी, टीबी हाय त्याला. चार महिने झाले होते. दोनच उरले होते. मधेच सुटलं तर रोग उलटून येतो, मग ह्या गोळ्या चालतीलच असं नाय.”

रोहिदासने खोका काखेत मारला आणि पायात वहाणा सरकवल्या.

“तशाच देऊ नका त्याला!” ती मागून ओरडली. “आधी डॉक्टरला दाखवायचं. त्याला खाली आना, मी टेंपो बघते.”

वाडी वर, डोंगराच्या सोंडेवर. वाट सागाच्या झाडांतून होती, पण पानं गळून गेलेली, सावली नव्हती. रोहिदास पन्नाशीचा. पहिल्याच चढाला त्याचा श्वास तुटला. नंदा रोज चढते हे त्याला माहीत होतं. किती चढते ते आज कळत होतं. तीन ठिकाणी तो बसला. तिसऱ्या वेळी त्याच्या मनात आलं की जैतू मेला असला तर इथूनच मागे फिरावं, वर जाऊन तोंड दाखवू नये. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. तो उठला.

जैतूची बायको पारू अंगणात लाकडं फोडत होती. तिने कोयता खाली ठेवला नाही.

“आता आलाव?”

“जैतू कसा हाय?”

“बगा ना. आत हाय.”

जैतू पस्तिशीचा गडी, गोधडीवर कुशीला पडलेला. गालाची हाडं वर आलेली. नंदाने त्याला काट्यावर उभा केला तेव्हा तो सहा किलो वाढला होता, घरी येऊन तिने ते तीनदा सांगितलं होतं. ते सहा किलो आता कुठेच नव्हते.

“पारू, पानी दे त्यांना. चढून आल्यात,” जैतू म्हणाला आणि खोकला. तोंडावरचं फडकं त्याने मुठीत दाबून धरलं. रोहिदासला बघू दिलं नाही.

“मी आल्ते तुमच्याकडं,” पारू दारातून म्हणाली. “तेरावं व्हईतवर नाय आले. मरनाच्या घरातनं काय आनू नये, आमच्यात चालत नाय. ते झाल्यावं आले. सकालचीच. कडी वाजवली. आत फोन वाजत व्हता.”

रोहिदासने तांब्या खाली ठेवला.

“मंग फोन बंद झाला. म्हंजी मानूस आत हाय. मी थांबले. कोनी उठलं नाय. म्हनलं, दुःखात हाय, गोल्या मागून कशाला तरास द्या. परत फिरले.”

त्याला आठवलं. कडी वाजली होती. शेजारणीने जेवण आणलं असेल असं वाटून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. हातात फोन होता. पडद्यावर जैतूचं नाव होतं. दाराबाहेर जैतूची बायको उभी होती, आणि त्याने ‘झालं’ दाबलं होतं.

“जैतू, तुझ्या गोळ्या माझ्या कपाटात होत्या.”

“ठावं हाय.” जैतू म्हणाला, “बाई लय वंगाल. गोली दिली का म्हनायची, तोंड उघड, जीब वर कर. एकदा जिबेखाली लपवली, तर कान पिळला. पोरांसमोर.” त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. “तुमी आला असता तरी तुमाला काय ते जमलं नसतं.”

रोहिदासला रडू फुटलं. अडतीस दिवसांत पहिल्यांदा, आणि ते या घरात, जिथे त्याला रडायचा हक्क नव्हता. पारूने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने आपल्या भावाला, सदूला, हाक मारली आणि बांबू काढायला सांगितला.

बांबू तोडून चादरीची झोळी बांधेपर्यंत बारा वाजून गेले, मग त्यांनी जैतूला खाली आणलं. पुढे सदूचा खांदा, मागे रोहिदासचा. उतारावर सदू दोनदा म्हणाला, “द्या काका, पारू धरंल.” रोहिदासने दिला नाही. अर्ध्या वाटेत त्याच्या खिशात नंदाचा फोन वाजायला लागला. एक वाजला होता. दोन्ही हात बांबूला. वाजून वाजून फोन थांबला, दहा मिनिटांनी पुन्हा वाजला. झोळीतून जैतूचा आवाज आला, “घ्या की. कोन बोलवतंय?”

“कोनी नाय,” रोहिदास म्हणाला. “जेवलो का विचारतात.”

टेंपोने त्यांना खालापूरच्या पलीकडे दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जैतूला आत घेतलं, थुंकी तपासायला पाठवली आणि त्याचं कार्ड घेऊन बाहेर आल्या.

“कार्डावर रोज गोळी दिल्याचं आहे. माझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे. गोळ्या खाऊन हा असा झाला असेल, तर त्या चालत नाहीत असा अर्थ होतो. खाल्ल्याच नसतील, तर वेगळं. नक्की काय?”

“खाल्ल्या नायत,” रोहिदास म्हणाला. “खुना माझ्या हायत. खोट्या हायत. कुठं लिहून देऊ?”

बाईंनी कार्ड त्याच्यापुढे धरलं. “नोंद दुरुस्त करा. रिपोर्ट आल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही. वाचला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.”

बाहेरच्या बाकावर तो संजनाशेजारी बसला. पलीकडे पारू भिंतीला टेकून होती.

“खुना कशा काढायच्या?”

“परत दाबायचं, की निघते.” संजनाचा चेहरा उतरला होता. “चूक माझी पन हाय. एकदा वर जायला पायजे होतं मी.”

“सगळ्या एकदम निघतात का?”

“निघतात. पुरी यादी पुसायचं बटन हाय. पन मग ताईच्या पन जातील.”

त्याने मान हलवली आणि एकेक काढायला सुरुवात केली. आजची. कालची. परवाची. प्रत्येक खुणेपुढे वेळ होती. सात तीस. सात तीस. सात एकतीस. एका सकाळपाशी तो थांबला, बहुतेक तीच असावी, पारूची. तीही सात तीस. त्याने ती काढली. आतून जैतूचा खोकला येत होता. तो आला की पारू मान वर करायची आणि थांबला की खाली घालायची. रोहिदास ओठांतल्या ओठांत मोजत होता. छत्तीस. सदतीस. अडतीस.

तिच्या खालच्या खुणेपुढे वेळ होती आठ वाजून सव्वीस मिनिटं. त्याच्या खाली आठ बावीस. मग आठ एकतीस. साडेसातपासून वर चढायला लागतो तेवढा वेळ.

रोहिदासने बोट उचललं.