शंभर तासांची सही

घरी तिला टिटवी म्हणत, कारण एकदा बोलायला लागली की ती थांबत नसे. पण श्रवणतपासणीच्या दवाखान्यात तिने दोन वर्षं तोंड शिवून काढली होती. श्रवणतज्ज्ञ व्हायचं तर पदवीनंतरच्या अभ्यासक्रमाला जागा वीसच, आणि नुसत्या गुणांनी भागत नव्हतं. तज्ज्ञाच्या हाताखाली शंभर तास तपासण्या पाहिल्याचा सहीचा कागद अर्जाला जोडावा लागे. टिटवीने शंभराचे तीनशे केले. दवाखान्याच्या श्रवणतज्ज्ञ मॅडमनी सही केली, वर पाठही थोपटली, "तू माझी मुलगीच आहेस गं." एवढ्यावर पोरगी हवेत! आईसुद्धा म्हणाली, "देवमाणूस आहेत हो त्या."

रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, यंत्र नीट चालतंय का ते बघायला टिटवीच आवाजबंद खोलीत बसे. कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, मग काचेपलीकडे मॅडमच्या यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. त्या दिवशी दोन सूर झाले आणि मॅडमचा फोन वाजला. आतल्याशी बोलायचा माइक तसाच चालू राहिला.

"कॉलेजातून का? हो, सही माझीच," मॅडमचा आवाज थेट कानात आला. "पण तपासण्या कसल्या पाहतेय ती! दारात नावं लिहून घेते. फारच मागे लागली म्हणून केली सही. करा की रद्द अर्ज, माझी काही हरकत नाही."

फोन ठेवला गेला. नोंदणीच्या मावशी म्हणाल्या, "अहो मॅडम, असं काय केलंत?"

"मग काय करू? ही गेली तर लहान मुलांना तपासणीला शांत कोण बसवणार? अशी पोरगी पुन्हा मिळते का? तिला काही कळायचं नाही."

कामचुकार म्हणून बुडवलं असतं, तर टिटवीने सोसलं असतं. इथे काम चांगलं केलं हाच गुन्हा ठरला! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मॅडमनी काचेतून हसून मान हलवली, चल, पुढे करू या. हात सुराच्या कळीकडे नेला.

सूर सुटायच्या आधीच टिटवीने त्यांच्या डोळ्यांत बघत बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मॅडमची नजर दिव्यावरून माइकच्या खटक्यावर गेली आणि हसू मावळलं. टिटवीने बटणावरचं बोट काढलं नाही.