खेकसला का?

गोटीरामने रेडिओच्या पेटीचं कुलूप काढलं, झडप उघडली आणि रोजच्यासारखी आधी आतली पाल हाकलली. पाल रोजच असायची, आणि ती पळाली की बायका रोज हसायच्या. आज कुणी हसलं नाही.

पंचायतीच्या पडवीत पंधरावीस बायका आणि तीनचार म्हातारे बसले होते. कमळी खांबाला धरून उभी होती. सखूने आपल्याजवळ तिच्यासाठी जागा ठेवली होती, पण बसलं की समोरच्या कुडाआड समुद्र दिसत नव्हता आणि उभं राहिलं की दिसत होता. दिसत होता म्हणजे रिकामा दिसत होता.

धर्माची होडी जाऊन आज तिसरी सांज. धर्मा कमळीचा नवरा. त्याच्यासोबत सखूचा नवरा तुळशीराम आणि आणखी दोघं खलाशी. ते गेले त्याच रात्री वारा सुटला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पार उरणपर्यंतच्या घरांची कौलं उडाली. आज मात्र सकाळपासून वारा असा पडला होता की वाळत घातलेल्या बोंबलांचा वाससुद्धा जागचा हलत नव्हता. मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन लाँचवाल्यांना विचारून झालं होतं. कुणी काही पाहिलं नव्हतं. खाली किनाऱ्याला नामदेव नाखवा आपली होडी पाण्याला लावून तयार होता. ओहोटी लागली की चार माणसं घेऊन तो धर्माला शोधायला निघणार होता.

थांबला होता तो रेडिओसाठी.

पंचायतीला रेडिओ मिळाला एकोणसाठ साली, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून कोळीवाड्यात एक रीत पडली होती. समुद्रावर जाणाऱ्याने वादळाचं नाव कानावर घ्यायचं नाही, हे तर आजे-पणजेच सांगून गेलेले. मग रेडिओ ऐकायचा कसा? तर बायकोने ऐकायचा. साडेसहाला पडवीत बसायचं, मुंबईहून येतं ते सगळं ऐकायचं आणि किनाऱ्यावर जाऊन एका शब्दात सांगायचं. हवा कशी आहे, वारा कुठला, असलं काही पुरुष विचारत नसत. ते एवढंच विचारत,

"खेकसला का?"

कारण रेडिओत खेकश्या होता.

त्याचं खरं नाव वाड्यात कुणाला माहीत नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. शेतकऱ्या-कोळ्यांसाठीच्या कार्यक्रमात तो बोलायचा. बोलायचा म्हणजे खेकसायचा. खतावर खेकसायचा, सरकारावर जरा जपून खेकसायचा, आणि ऐकणाऱ्यांवर तर पोटभर. कुणी पत्र पाठवून विचारलं, की आमच्या रेडिओत खरखर का येते, तर म्हणाला, "गृहस्था, ती खरखर माझ्या घशाची आहे. तुमच्यासारख्यांशी बोलून बोलून झाली आहे." पडवीतल्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. कमळीची सासू पुतळाबाई तर त्याला उलट उत्तरं द्यायची. तो म्हणायचा, "कळतंय का काही?" आणि ही पेटीकडे हात नाचवून म्हणायची, "कळतंय रं, बहिरी नाय मी!" गावात तिच्याशी एवढ्या प्रेमाने भांडणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

समुद्र बिघडणार असला की मात्र त्याचा आवाज चढायचा. "ज्यांना आपल्या बायकांची कपाळं पुसायची हौस आहे त्यांनी खुशाल जावं! बाकीच्यांनी घरी बसून जाळी विणावीत!" तेवढं ऐकलं की बायका उठायच्या, किनाऱ्यावर जायच्या आणि सांगायच्या, खेकसला. होड्या वर ओढल्या जायच्या. दोन वर्षांत वाड्याचं एक माणूस गेलं नव्हतं.

गोटीरामने बटण फिरवलं. पेटी तापायला वेळ घ्यायची. तेवढ्या वेळात कमळीने तीनदा समुद्राकडे पाहिलं.

आवाज आला तो खेकश्याचा नव्हता. परवापासून जो नवा येत होता तोच. तरुण, गोड, लग्नाची पत्रिका वाचून दाखवावी तसा.

"अजून सर्दीच हाय वाटतं त्याची," सखू म्हणाली.

"श्रोतेहो," नवा आवाज म्हणाला, "आपले सर्वांचे लाडके विष्णुपंत टोळे यांचं गेल्या आठवड्यात निधन झालं, हे आपण जाणताच. आजच्या कार्यक्रमात आपण त्यांना श्रोत्यांच्या पत्रांतून आठवणार आहोत."

"कोन मेला?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

गेल्या आठवड्यात चार दिवस रेडिओची बॅटरी उतरली होती. पनवेलहून भरून यायला वेळ लागला होता. मग गोटीरामच हळूच म्हणाला, "खेकश्या रं. तोच. ह्यो नाव व्हता त्याचा."

पुतळाबाईने पदर तोंडाला लावला.

पत्रं सुरू झाली. अलिबागच्या एका मास्तरांनी लिहिलं होतं, की त्यांनी सुचवलेल्या म्हणीवर विष्णुपंतांनी रेडिओवर 'ही म्हण नव्हे, हा आजार आहे' असा शेरा मारला होता, आणि तो शेरा मास्तरांनी कागदावर उतरवून, चौकट करून भिंतीला लावला आहे. जुन्नरच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं, की घरात त्यांच्यावर ओरडणारं कुणी नाही, तेव्हा रोज सव्वासहालाच त्या स्वयंपाक आटोपून बसत. एका शेतकऱ्याने विचारलं होतं, आता आम्हाला मूर्ख कोण म्हणणार?

मग एकीला काही आठवलं, मग दुसरीला.

"शिंगाळ्याचा भाव सांगताना काय बोललेला, आठवतंय कं?"

"आन् दिवाळीला? 'फटाके उडवा, म्हंजे मासे जागे ऱ्हातील.'"

"माज्या नातवाला झोपच नव्हती येत त्याचं ऐकल्याबिगर."

बायका डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. सखूही हसली. तिसऱ्या सांजेला पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं. तिने कमळीच्या लुगड्याचा काठ ओढला, "बस गो वाईच. नामदेव जातोय नं आता. आनील दोघांना बी."

कमळीचे हात खांबावर होते. खांबाला कुणी तरी चुना लावून ठेवला होता आणि तो तिच्या नखांत जात होता.

गेल्या आठवड्यात मेला. म्हणजे परवा सांजेला तो नव्हताच.

परवा सांजेला ती इथेच बसली होती, सखूला खेटून. हा नवा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा दोघींनी एकमेकींना कोपरं मारली होती. सगळं वाचून झाल्यावर तो म्हणाला होता, "मच्छीमार बंधूंनी पुढील दोन दिवस शक्यतो समुद्रात जाऊ नये, अशी नम्र विनंती आहे." आणि सखू म्हणाली होती, "अगं बाय, विनंती! हळदीला बोलावतोय कं काय ह्यो?" त्यावर दोघी पोट धरून हसल्या. हसतच कमळी किनाऱ्यावर गेली. त्या सांजेला निघणारी होडी एकट्या धर्माचीच होती. धर्मा गुडघाभर पाण्यात होता, पाण्याचं पिंप होडीत चढवत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "खेकसला का?"

"नाय," कमळी म्हणाली.

तिने खोटं सांगितलं नव्हतं. हेच तिला तीन दिवस गिळता येत नव्हतं. खोटं असतं तर कुणाच्या पायावर डोकं तरी ठेवता आलं असतं.

पत्रं संपली. आवाज किंचित गंभीर झाला, पण गोडच राहिला.

"आता हवामान. समुद्रातील वादळी वारे आज रात्री कोकण किनाऱ्यावर पुन्हा जोर धरण्याची शक्यता आहे. मच्छीमार बंधूंनी शक्यतो समुद्रात जाऊ नये, अशी नम्र विनंती आहे. नमस्कार."

गोटीरामने बटण फिरवलं. पेटी गप्प झाली. बायका अजून खेकश्यातच होत्या. एक जण त्याची नक्कल करत होती. हवामान ऐकलं होतं सगळ्यांनीच, पण अंगाला लागलं नव्हतं कुणाच्या.

कमळी पायऱ्या उतरली. मागून सखू धावत आली.

"चल, मी बी येते सांगायला. नाय खेकसला म्हनून."

कमळी चालत राहिली.

"कमळे?"

"ऐकलंस नं, काय बोलला तो."

"विनंती केली गो त्याना. विनंतीच."

"परवा बी विनंतीच केलेली," कमळी म्हणाली.

सखू जागीच थांबली. वाळूवर उलट्या घातलेल्या टोपल्यांजवळ. तिच्या तोंडावर आधी काहीच नव्हतं. मग परवाचं हसू आठवलं असावं, कारण तिने हात तोंडावर दाबून धरला, जसं काही ते हसू आता बाहेर पडेल.

"आपुन दोघीनी..." ती म्हणाली.

"किनाऱ्यावर मी गेलेले. तू नाय."

"मग आता तरी जाऊ दे नं नामदेवला!" सखूने तिचं मनगट धरलं. सखूचे हात मासळी कापून कापून खरखरीत झाले होते, धरले की टोचत. "ते दोघं कुठं तरी पान्यात असतील. कुनाच्या तरी वाटेकडं डोळे लावून असतील. एक शब्द तर सांगायचाय तुला. जो परवा सांगितलास तोच."

कमळीने मागे पाहिलं. पुतळाबाई पडवीच्या पायरीवर येऊन उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं की काही नाही, ते सांगता येत नव्हतं. पोरगा तिचा होता. ती नुसती उभी राहिली, आणि मग काही तरी विसरल्यासारखी वळून आत गेली. आत जाऊन तिने पदराने रेडिओची पेटी पुसायला घेतली.

मनगट सखूच्या हातात ठेवूनच कमळी किनाऱ्याकडे निघाली, त्यामुळे सखूलाही यावंच लागलं.

ओहोटी लागली होती. पाणी मागे सरताना चिखल उघडा पडत होता आणि नामदेवची होडी बाहेरच्या बाजूला झुकली होती, जणू ओढली जात होती. चौघं चढून बसले होते. नामदेवचा एक पाय होडीत होता, एक पाण्यात. एरवी त्याला सांगायला त्याची बायको यायची, ती आज आली नव्हती. होडी धर्माच्या शोधाला जाणार म्हणून कमळीनेच सांगावं, असं ठरलं होतं. नामदेवने रीतीप्रमाणे तिच्याकडे न पाहता विचारलं,

"खेकसला का?"

समुद्र सपाट होता. तव्यावरच्या तेलासारखा. त्याच्या पार टोकाला एक काळा ठिपका होता. कमळीने तो सकाळपासून चारदा पाहिला होता आणि चारही वेळा तो खडक होता. आताही ती पाहत राहिली. नाय, एवढंच म्हणायचं. मग ही होडी त्या खडकापलीकडे जाईल, आणि पलीकडे धर्मा असेल, ओला, शिव्या देणारा, भुकेला. नाय म्हणायला जीभ टाळूला लागलीसुद्धा.

सखूने मनगट आणखी घट्ट धरलं.

"खेकसला का, वयनी?" नामदेवने पुन्हा विचारलं. या खेपेला त्याने वर पाहिलं.

"ज्यांना," कमळी म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. घशात वाळू भरल्यासारखा. "ज्यांना आपल्या बायकांची कपाळं पुसायची हौस हाय त्यांनी खुशाल जावं!"

होडीतला एक जण हसला. जुन्या सवयीने.

"वादळ हाय!" ती ओरडली. "आज रातीला वादळ हाय, ऐका कान उघडून! परवा बी होता! कळतंय का काही? कळतंय का रं काही?"

हसणारा गप्प झाला. वादळाचं नाव त्यांच्या तोंडावर कुणी कधी घेतलं नव्हतं. दोघांनी तर कानांवर हात नेले, पण ऐकून झालं होतं. नामदेव पाण्यात उभा होता तसाच उभा राहिला. त्याने कमळीकडे पाहिलं, मग सखूकडे, मग दोघींच्या मधल्या त्या धरलेल्या मनगटाकडे.

"परवा बी होता?" तो म्हणाला.

कमळीने मान डोलावली.

नामदेवने होडीतला पाय काढून खाली टाकला.

"उतरा," तो म्हणाला. "वर घ्या."

पाचांनी होडी ओढली. लाकडाखालून चिखल चुरचुरत राहिला. जाताना कुणी कमळीशी बोललं नाही. शेवटचा माणूस वर गेला तेव्हा सखूने मनगट सोडलं. तिथे चार बोटांचे पांढरे ठसे उठले होते.

कमळी उलट्या टोपलीवर बसली. सखू घरी जाईल असं तिला वाटलं होतं, पण ती गेली नाही. दोन हात लांब, पाठ करून, दुसऱ्या टोपलीवर बसली. वरून पंचायतीच्या पेटीचं कुलूप लावल्याचा आवाज आला. खडक अजून दिसत होता. मग दिसेनासा झाला.

मग वारा आला. आधी अगदी हळू, नम्र विनंती केल्यासारखा.