कुणी बनवलं

"खरं खरं लिहायचं हं, काका. परीक्षेचा पेपर नाहीये हा," असं म्हणून पद्मजाने दत्ताराम घाडींपुढे एक छापील तक्ता सरकवला.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात जिन्याखाली तिची खोली होती. दारावर 'आहार सल्ला' अशी पाटी. गोळ्या देऊन देऊन डॉक्टर कंटाळले की पेशंटची रवानगी या जिन्याखाली होई. दत्तारामच्या पोटात मे महिन्यापासून आग होती. करपट ढेकर, पोट नगाऱ्यासारखं, कधी तीन दिवस काही नाही तर कधी दिवसातून पाच खेपा. आणि चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला. पाचव्यांदा टमरेल घेऊन निघालेल्या माणसाकडे कुणी बघत नाही, पण खेपा सगळे मोजतात.

"माझ्याकडे तीन पथ्यं आहेत," पद्मजाने टेबलावर तीन कागद मांडले. "हे तिखट-तळलेलं खाणाऱ्यांचं. हे वेळी-अवेळी खाणाऱ्यांचं. आणि हे ज्यांना दूध सोसत नाही त्यांचं. आठवडाभर काय खाता ते लिहून आणा, मग ठरवू तुमचं कुठलं. काम कुठे करता?"

"मिलमध्ये. संप आसा."

"हो, ते ठाऊक आहे. पण जेवण तर चालू आहे ना?" ती हसून म्हणाली. वाईट मुलगी नव्हती. शिकलेली होती इतकंच.

दत्तारामने तिन्ही कागद नीट वाचले. चौथा कागद आहे का, हे विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

आता हा दत्ताराम कोण, तर बावीस वर्षं फोल्डिंग खात्यात कापड तपासणारा माणूस. टेबलावरून कापड सरकायचं. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की वहीत नोंद. ज्याच्या मागावरचं कापड, त्याला त्या नोंदीचा फटका. त्यामुळे लोक त्याला चहा पाजत, शिव्या देत; एकाने तर गणपतीत घरी येऊन त्याच्या बायकोकडे, शेवंतावहिनींकडे, शब्द टाकला होता. नोंद बदलली नाही. 'घाडीच्या पेन्सिलीला रबर नाय,' असं खात्यात म्हणत.

सोमवारी दुपारी घरी कुणी नसताना तो तक्ता घेऊन बसला. सकाळच्या रकान्यात लिहिलं : कोरा चहा. दहाच्या : कोरा चहा. दुपारच्या : पेज. इथवर पेन्सील सरळ चालली. रात्रीच्या जेवणाशी ती अडली, कारण पुढे आणखी एक रकाना होता. 'कुणी बनवलं'.

मार्चपासून शेवंता दादरला तीन घरी पोळ्या लाटायला जात होती. त्यातल्या एका घरच्या राधाबाई उरलंसुरलं डब्यात घालून देत. निळ्या कापडी पिशवीतला तो डबा जिन्यावर वाजला की दत्ताराम उठून गॅलरीत जाई आणि समोरच्या बंद गिरणीच्या धुराड्याकडे बघत राही. त्या पिशवीला त्याने कधी हात लावला नव्हता. डब्यातलं ताटात आलं की मात्र खाई. कालची फ्लॉवरची भाजी, कडेने आंबलेली. डाळ, पाणी घालून वाढवलेली. खाई, आणि पुन्हा गॅलरीत जाई. शेवंताला हे दिसत होतं की नाही कोण जाणे. दिसेल ते सगळं बोलायची तिला सवय नव्हती.

आता हे त्या पांढऱ्या कोटातल्या मुलीला कसं लिहायचं? राधाबाईंनी बनवलं? राधाबाईंच्या घरच्यांनी टाकलं?

तो उठला, आपल्या लेकीच्या शाळेच्या दप्तरातून रबर घेतलं आणि पेज पुसली. मग त्याने संपाच्या आधीचा आठवडा लिहून काढला. बुधवार : बोंबील तळलेले, सोलकढी. गुरुवार : काळ्या वाटाण्याचं सांबारं. शुक्रवार : सुरमई, मधला तुकडा. रविवार : कोंबडी, वडे. लिहिताना तोंडाला पाणी सुटलं, त्याचीसुद्धा त्याला लाज वाटली. फक्त 'कुणी बनवलं' हा रकाना त्याने वरून खालपर्यंत कोरा ठेवला. तिथे 'बायकोने' लिहायला हात धजेना. खोटेपणालाही काही हिशेब असतो.

पुढच्या सोमवारी सकाळी शेवंताने धुवायला घेताना त्याच्या सदऱ्याचा खिसा चाचपला. कागद निघाला. ती चौथीपर्यंत शिकलेली. घडी उघडली तिथे शुक्रवार होता. तो तिने बोट ठेवून वाचला.

"सुरमय?" ती म्हणाली.

दत्तारामने झटकन कागद ओढून घेतला. तीच चूक झाली.

"शुक्रवारी तुमी अँटॉप हिलाक जातात, रमाकांतभावजींकडे. पेपर वाचूक." शेवंताचा आवाज चढला नाही, उलट बसला. "त्येंका सरकारी नोकरी आसा, सरकारी कॉटर आसा. सुरमय आसतलीच."

"डॉक्टरबायन लिवूक सांगितल्यान."

"लिवूक सांगितल्यान, काय खाऊक पण घातल्यान?"

 त्याचा भाऊ रमाकांत दर शुक्रवारी जेवायचा आग्रह करी आणि दर शुक्रवारी दत्ताराम म्हणे, जेवूनच निघालोय. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण मग तिने विचारलं असतं, तर हे लिहिलंत कशाक? आणि त्याला सांगावं लागलं असतं, तू आणतेस त्या डब्याची लाज वाटली म्हणून. त्यापेक्षा बायकोने आपल्याला चोरून मासे खाणारा समजावं, हे त्याने पत्करलं.

"चेडू पेज जेवता," शेवंता बादलीत सदरा बुडवत म्हणाली. "लेकीच्या तोंडाकडे बघून तरी..." पुढचं तिने सदऱ्याबरोबर आपटलं.

अकराला इस्पितळात जायचं होतं. दत्ताराम पोहोचला तेव्हा शेवंता दादरहून परस्पर येऊन जिन्याखाली उभी होती. निळी पिशवी कोपरात.

"तू कशाक?"

"बघूक. डॉक्टरबाय काय सांगता ता."

पद्मजाने तक्ता समोर धरला आणि कौतुकाने म्हणाली, "अक्षर काय सुरेख हो तुमचं!" मग कपाळाला आठी घालून वाचू लागली. "बुधवारी बोंबील, तळलेले. गुरुवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं. काका, पोट फुगणार नाही तर काय होईल? शुक्रवारी सुरमई, मधला तुकडा. शनिवारी आंबोळ्या. रविवारी कोंबडी-वडे, सोमवारी उरलेल्या रश्शात भाकरी..."

शेवंता ऐकत होती. पहिल्यांदा तिचा जबडा आवळलेला होता. बुधवारला काही झालं नाही. गुरुवारला तिने मान किंचित वळवली. 'मधला तुकडा' ऐकल्यावर ती नवऱ्याकडे बघायला लागली. दहा वर्षं दर शुक्रवारी शेपटाकडचं आपल्या ताटात घेऊन मधला तुकडा तिने त्याला वाढला होता. रमाकांतची बायको पाहुण्याला मधला तुकडा वाढणाऱ्यांतली नव्हती, हे सगळ्या घाड्यांना ठाऊक होतं. आणि उरल्या रश्शात सोमवारी भाकरी मोडायची, ही तर शेवंताच्या आईची रीत.

दत्ताराम टेबलाच्या पायाकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लाल.

"हा एक रकाना तुम्ही कोराच ठेवलात," पद्मजा म्हणाली. "कुणी बनवलं हे सगळं? बाहेरचं खाता का?"

 दत्तारामने तोंड उघडलं, पण ढेकर येईल म्हणून की काय, मिटलं.

"मीया," शेवंता म्हणाली. "सगळा माज्याच हातचा."

"अहो, मग जरा हात आखडता घ्या ना! नवऱ्याला लाडाने खाऊ घालून घालून त्याच्या आतड्यांची काय दशा केलीत बघा. हे असंच चाललं ना, तर उद्या ऑपरेशन करावं लागेल."

"होय बाय. चुकला माजा," शेवंता म्हणाली.

पद्मजाने पहिला कागद उचलला, तिखट-तळलेलं खाणाऱ्यांचा. मासे बंद. मटण-कोंबडी बंद. तळण बंद. दूध अर्धा लिटर, तूप घालून मुगाची खिचडी, दोन वेळा फळं. "जमेल ना?"

"जमात," दत्ताराम म्हणाला. अर्धं पथ्य तर तो संप लागल्यापासून, जानेवारीपासून, काटेकोर पाळत होता.

दोघं बाहेर आली.  फाटकाशी शेवंता थांबली.

"पिशवी आत रवली माजी. तुमी हंयच थांबा."

पिशवी तिच्या डाव्या कोपरात लोंबत होती. खोटं बोलण्यात तीही कच्चीच. बावीस वर्षांत ज्याच्या नजरेतून एक गाठ निसटली नव्हती, त्या माणसाने पिशवीकडे नीट पाहिलं.

"जा," तो म्हणाला.

तो फाटकाशी उभा राहिला. शहाळीवाला, फळांची गाडी, चाकाच्या खुर्चीवरून नेलेली एक म्हातारी. आत ती काय सांगत असेल याचा शब्दन् शब्द त्याला उभ्या उभ्या ऐकू येत होता. परत धावत जाऊन तिला अडवावं असंही एकदा वाटलं. अडवलं नाही.

पंधरा मिनिटांनी शेवंता आली. डोळे कोरडे होते. हातात तोच पथ्याचा कागद, पण उलटा. मागच्या बाजूला शाईने लिहिलेलं होतं.

"गावली पिशवी," ती म्हणाली.

"बरां झाला."

त्याने कागद वाचला. 'कोरा चहा बंद, निदान उपाशीपोटी. पेज चालेल, पण पाणी नको, भातासकट घट्ट. दर तीन तासांनी वाटीभर, मीठ घालून. कुळीथ थोडे दिवस नको. डब्यातली भाजी त्याच दिवशीची असेल तरच. तिखट असल्यास पाण्याने धुऊन. आंबलेलं अजिबात नको, टाकायला जड वाटलं तरी. दादरची पोळी ताजी असल्यास एक, कुस्करून.' आणि खाली, वेगळ्या ओळीत : 'काका, मला माफ करा. पुढच्या सोमवारी या. तक्ता भरला नाहीत तरी चालेल.'

'दादरची पोळी' या शब्दांशी तो जरा जास्त वेळ थांबला. मग कागदाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली.

"पोळी ताजी आसा आज," शेवंता समोर बघत म्हणाली. "राधाबाईंका सांगान घेतलंय."

 हात पुढे करून त्याने पिशवी तिच्या कोपरातून काढून घेतली. ती सोडेना. मग सोडली.

लालबागच्या नाक्यावर नेहमीची माणसं उभी होती. दहा महिने तीच माणसं तिथेच उभी होती. माग खात्यातला विठोबा त्यात होता. त्याच्या कापडातले डाग दत्तारामने आयुष्यभर मोजले होते.

"काय घाड्या, वहिनीची पिशवी आज तुझ्याकडे? बाजार केलंस काय?"

दत्ताराम थांबला. शेवंता दोन पावलं मागे होती, तिथेच थांबली.

"बाजार नाय रे," तो म्हणाला. "डबो. शेवंता आणता दादरसून. आमी तोच जेवतो."

विठोबाने मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं. दत्ताराम चालू लागला. पिशवीच्या बंदाला शेवंताच्या हाताचं पीठ लागलेलं होतं. त्याच्या धुतल्या सदऱ्यावर त्याचा पांढरा पट्टा उमटला. त्याला तो दिसला, आणि त्याने तो झटकला नाही.