धरून ठेवण्याचं काम

चिरा जमिनीपासून वीतभर उचलला गेला आणि गुरुदासच्या उजव्या हातातलं बळ एकाएकी निघून गेलं. जांभ्या दगडाचा तो जड ठोकळा खळ्यात आपटला, त्याचा कोपरा फुटला. गुरुदास खांदा धरून खाली बसला. तो ओरडला नाही, पण आवाज ऐकून राधाबाई पदर खोचत बाहेर आली.

"ह्या काय केलात?"

"काय नाय. व्यायाम करी होतंय."

"चिरो उचलून? त्या डॉक्टरीण चेडवान रबराची पट्टी दिल्यान ना तुमका?"

"तो पोरांचो खेळ. तेना खंयची ताकद येतली?"

राधाबाई फोन घ्यायला आत वळली. नवऱ्याशी कधी वाद घालायचा आणि कधी रिक्षा बोलवायची, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळलं होतं.

उन्हाळ्यात काजूच्या बागेत, सुक्या पाल्यावरून पाय घसरून गुरुदास उजव्या खांद्यावर पडला होता. आतला एक स्नायू फाटला. कुडाळला शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर हात गळ्यात अडकवून तो पडवीत बसून राहिला. भाताची लावणी शेजाऱ्यांनी केली, तीही त्याने बसूनच पाहिली. हाताची झोळी सुटली तेव्हा आपला दंड त्याला ओळखू येईना. मांस उतरलं होतं, कातडी सैल पडली होती. आजारी माणसाचा हात कुणी आपल्या अंगाला लावला आहे, असं त्याला वाटलं.

घाई होती ती दसऱ्याची. त्या दिवशी गावच्या देवळातून तरंग बाहेर पडत. तरंग म्हणजे देवाची उंच काठी, घड्या घालून लुगडी नेसवलेली, वर चांदीचा मुखवटा. त्यातला एक तरंग धरायचा मान गुरुदासच्या घराकडे होता. वडिलांनंतर तो त्याच्या हातात आला, तेव्हापासून आता त्याचं सगळं तरुणपण उलटून गेलं होतं. कमरेला शेला आवळायचा, त्यात काठीचा बुंधा टेकवायचा आणि उभं राहायचं. बायका ओट्या भरतात, देवाला गाऱ्हाणी घातली जातात, ढोल वाजतात, आणि तरंग धरणारा माणूस तेवढा हलत नाही.

रिक्षाने कुडाळच्या दवाखान्यात नेल्यावर संचिताने खांदा दाबून पाहिला तेव्हा गुरुदासने दात आवळले. ती कुडाळातलीच मुलगी, फिजिओथेरपी शिकून परत आलेली. दवाखान्यात ती शुद्ध मराठीत बोलायची, पण रागावली किंवा काळजीत पडली की मालवणीत यायची.

"काका, मी तुम्हाला वजन उचलायला सांगितलं होतं?"

"ताकद येवची म्हणान उचललंय."

"ताकद!" तिने स्टूल पुढे ओढलं. "तुमचो डावो हात हयसर ठेवा. उजव्या दंडार. आता कोपर वाकवा. काय लागता?"

"पुढचो गोळो घट झालो."

"आनि पाठचो?"

गुरुदासने बोटं मागे सरकवली. "तो मऊ पडलो."

"आता हात सरळ करा."

हात सरळ झाला तसा मागचा स्नायू बोटांखाली ताठ झाला आणि पुढचा सैल पडला. गुरुदासने पुन्हा वाकवून पाहिलं, पुन्हा सरळ करून पाहिलं. उभ्या आयुष्यात ज्या हातांनी कोयता चालवला, नांगर धरला, त्यांच्यात ही देवाणघेवाण चालते हे त्याला माहीतच नव्हतं.

"स्नायूक फक्त ओढूक येता, काका. ढकलूक येणा नाय. म्हणान ते जोडीन आसतत. एक ओढता तेव्हा दुसऱ्यान सैल पडाक होया. आता ह्यो खांदो बघा. ह्यो वरचो मोठो, चिरो उचललो तो ह्येच्या जोरार. पण खांद्याच्या हाडाचो चेंडू खोबणीत धरून ठेवणारे लहान स्नायू आत आसत. ते भायरसून दिसणत नाय. तेंतलोच एक फाटलो होतो. मोठ्यान जोर केल्यान, लहान कमी पडले, आनि चेंडू वर जावन हाडाक लागलो."

"म्हणजे उचलणारो आसा, धरणारोच नाय."

"तसाच." ती हसली. राग गेला तशी तिची भाषाही बदलली. "आणि व्यायाम करता करता ताकद येत नाही. त्या वेळी स्नायू दमतो, त्याचे बारीक धागे ताणले जातात. तुम्ही विश्रांती घेता, झोपता, तेव्हा ते भरून येतात आणि थोडे दणकट होतात. तुम्ही त्यांना तेवढी सवडच देत नाही."

गुरुदासने सदऱ्याची बटणं लावली. मग त्याने मनात घोळणारं विचारलं.

"बाय, माणूस नुसतो उभो आसता. हात हलना नाय, काय नाय. तेव्हा काय चलता आत?"

"तेव्हाही काम चालूच असतं. आत धागे सारखे ओढत असतात. एक दमला की दुसरा. आणि स्नायू तसाच आवळून धरला की त्याला रक्तही कमी मिळतं, म्हणून उभं राहून माणूस लवकर दमतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही."

परतताना रिक्षात त्याचा हात पोटरीवर गेला. दर दसऱ्याच्या रात्री राधाबाई त्याच्या पोटऱ्यांना खोबरेल चोळायची, तेव्हा तो ओशाळायचा. नुसतं उभं राहून पुरुषमाणसाचे पाय दुखतात, हे कुणाला सांगायचं!

दुसऱ्या दिवसापासून रबराची पट्टी पडवीच्या खांबाला बांधली गेली. कोपर अंगाशी धरून हात बाहेर न्यायचा, सावकाश परत आणायचा. भिंतीवर पंचा ठेवून तो वर सरकवायचा. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. बसून राहायच्या दिवशी गुरुदासला खरा त्रास व्हायचा, पण तो बसायचा. नजरही बदलली होती. राधाबाई नारळ खोवायला बसली की तिच्या हाताच्या शिरा-स्नायूंची वरखाली चाललेली लगबग तो बघत राही.

"खांदो कानाकडे नेव नको गो. मान दुखतली."

"आता माका नारळ खवूक शिकवतास?" ती म्हणाली. पण खांदा खाली घेतला, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बरा वाटता."

गणपती आले, गेले. भात पोटरीला आलं. दंड पुष्कळ भरला. संचिताने हात वर करायला लावून पाहिला आणि मान डोलावली. गुरुदासने तेव्हा तरंगाचं विचारलं.

"धरशात," ती म्हणाली. "पण किती वेळ, ता माका सांगूक येणा नाय. लहान स्नायू दमले की दुखतीलच असा नाय. खांदो वर सरकता, इतक्याच. बघणाऱ्याक कळता. धरणाऱ्याक कदाचित कळाचा नाय."

एका दुपारी राधाबाई वाडीत गेली असताना गुरुदासने मागीलदारी कमरेला शेला बांधला आणि लांब ओला वेळू त्यात टेकवून उभा केला. समोर गोठ्याची पांढरी भिंत होती. तिच्यावर त्याची सावली पडली होती, काठीसकट. तो उभा राहिला. हात दुखत नव्हता. श्वास ठीक होता. वाटलं, जमलं. आणि मग त्याने पाहिलं, सावलीचा उजवा खांदा हळूहळू कानाकडे चढत होता. त्याने तो खाली घेतला. तो पुन्हा चढला. वेळूचं टोक वर थरथरत होतं, त्याला मात्र हातात काहीच जाणवत नव्हतं.

मध्ये एक दिवस विश्रांती घेऊन त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

दसऱ्याच्या गर्दीत खांद्याकडे कुणी पाहिलं नसतं. गाव म्हणालं असतं, एवढं मोठं ऑपरेशन होऊनही गुरुदास उभा राहिला. पण ओटी भरायला वाकलेल्या बायका तरंगाच्या पायाशी असतात; काठी सुटली तर त्यांच्यावरच. त्या रात्री तो अर्ध्या जेवणावरून उठला. राधाबाईने ताट झाकून ठेवलं.

सकाळी त्याने धाकट्या भावाच्या मुलाला, कौस्तुभला, बोलावून घेतलं. कौस्तुभ कुडाळच्या एमआयडीसीत नोकरीला होता, संध्याकाळी जिममध्ये जायचा. त्याचे दंड बघून गुरुदास आजवर नाक मुरडत आला होता.

"यंदा तरंग तू धर."

"तात्या, तुमी आसताना?"

"मी आसंय म्हणानच. माझ्या पाठी शिकवणारो खंयसून हाडशीत?"

कौस्तुभने वेळू उचलला तो सहज. पण थोड्याच वेळात त्याची मान ताठली, दंड थरथरू लागले, कपाळावर घाम आला. गुरुदासने मागून त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. एकेक स्नायू दोरखंडासारखा आवळलेला होता.

"ह्यो सोड. मानेचो."

"सोडलंय तर काठी पडतली, तात्या."

"पडाची नाय. सगळेच एकदम ओढूक लागले तर एकमेकांशीच भांडतत. वजन पायात सोड. गुडघे किंचित नरम. हां... आता हयसर घट राव, कमरेत. हात फक्त सांभाळूक."

तळव्याखाली पाठ हळूहळू निवली. खालचे स्नायू जागे झाले, वरचे झोपले. वेळू स्थिर झाला. त्याचं टोक आभाळात खिळल्यासारखं उभं राहिलं. गुरुदासने हात काढून घेतला आणि आपलं तोंड पोराला दिसू नये म्हणून तो गोठ्याकडे वळला.

दसऱ्याला देवळाचं आवार माणसांनी भरलं. कौस्तुभच्या कमरेला शेला गुरुदासनेच आवळला. मग तो मागे सरला आणि गर्दीत राधाबाईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तरंग लांबून कसा दिसतो, हे त्याने पाहिलंच नव्हतं. पिवळ्या, हिरव्या लुगड्यांचे पदर वाऱ्यावर हलत होते, वर मुखवटा उन्हात चमकत होता, आणि खाली कौस्तुभ डोळे मिटून उभा होता.

ढोल वाजू लागले. बायका एकेक करून पुढे जाऊ लागल्या. कुणीतरी गुरुदासला विचारलं, "काय रे, यंदा सुटलंस?" त्याला ऐकू आलं नाही.

ओट्या भरून झाल्या, गाऱ्हाणं संपत आलं, तेव्हा राधाबाईचा हात सहज त्याच्या पाठीला लागला. सदरा घामाने चिंब भिजला होता. तिने वळून पाहिलं. त्याचे गुडघे किंचित वाकले होते, कोपरं अंगाशी होती, आणि छातीसमोर दोन्ही मुठी एकावर एक घट्ट आवळलेल्या होत्या.

"अवो," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "सोडा आता."

गुरुदासने खाली आपल्या हातांकडे पाहिलं. मग त्याने बोटं उघडायला सुरुवात केली. ती लगेच उघडत नव्हती.