शाळेची कढई

पाडव्याच्या आत आम्रपालीचं नाव वसमतच्या इंग्रजी शाळेत घालायचं, असं प्रमोदनं ठरवूनच टाकलं होतं. स्वतः कुरुंदा-वसमत जीप चालवणारा माणूस. लेक पुढच्या सीटवर बसून जाईल, त्याला त्यात काय जड? जड होतं ते करुणाला. लेकरू घरात पोपटासारखं बोलायचं, पण उंबऱ्याबाहेर पाय पडला की तोंडाला कुलूप. टायवाल्या पोरांत ते बसणार कसं? बरं, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावं, तर तिथं खरंच काही शिकवतात का, हे कोण सांगणार? करुणा बी.ए. झालेली. घडाघडा म्हणून दाखवणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"एकदा डोळ्यांनी बघून येते," म्हणत ती लेकीचं बोट धरून निघाली, तो नेमका निघाला शाळेच्या कढईचा दिवस.

गावात हळद शिजू लागली की एक दिवस शाळेचा. ज्याच्या रानात हळद, त्यानं टोपलंभर ओली हळद शाळेच्या मैदानात आणून ओतायची. ज्याला रान नाही, त्यानं जळण आणायचं. सगळ्यांची मिळून एकच कढई. वाळली की विकायची आणि शाळेला लागेल ते घ्यायचं. सरकारचा निधी येईल तेव्हा येईल. दुसरी खोली अन् पाण्याची टाकी या कढईनंच दिली होती.

मैदानात वाफ दाटली होती. पलीकडं कडुलिंबाखाली पोरं ओळीनं बसलेली पाहून करुणाच्या कपाळाला आठी पडली.

"म्याडम, लेकरांना हळदीच्या कामाला लावता?"

शाळेच्या शिक्षिका जाहेदाबाई हसल्या. "नाही हो. खोलीत धूर भरतो, म्हणून वर्ग बाहेर आणला. काम मोठ्यांचं."

कढईपाशी शाळा समितीचे म्हातारे अध्यक्ष ग्यानोबा उभे होते. त्यांनी एक हळकुंड बाहेर काढलं आणि वाळल्या गवताची काडी त्यात खुपसली. काडी मधेच मोडली.

"कच्ची हाय. वरून तर कच्ची बी पिवळीच दिसती," ते म्हणाले आणि करुणाकडं वळले. "काहून वो सूनबाई, लांबून पाहून राहिल्या? आमच्या म्याडमचा कायदा हाय. कढईच्या दिवशी कोन्या बी मायबापानं कोन्या बी पोराला काय बी इचारावं. घाला काडी!"

करुणा पदर खोचून पुढं झाली. पाढे, कविता यांतलं काही विचारायचंच नाही, हे तिनं मनात ठरवलं होतं.

"एक टोपलं हळद वाळायला दहा दिवस लागतात. मग दोन टोपली वाळायला किती?"

"वीस!" पहिल्या ओळीतला सुरज ताडकन ओरडला.

झालं. मोडली काडी. करुणानं लेकीचं बोट घट्ट धरलं. आता बाई डोळे वटारतील, पोरगं मान खाली घालेल, असंच तिला वाटलं. पण जाहेदाबाई शांतपणे म्हणाल्या, "सुरज म्हणतो वीस. कुणाला पटतं?"

मागं बसलेली दुर्गा उठली. तिची आजी भागूबाई कढईखाली लाकडं सारत होती. तिचा हात थबकला.

"मला न्हाई पटत. ऊन काय टोपलं मोजतं का? शेजारी शेजारी पसरली तर दोन्ही दहाच दिवसांत वाळतीन."

"आन जागा नसली तर?" सुरज मागं हटेना. "ढीग लावला तर जास्तच लागतीन की."

"ढीग लावला तर सडंल, येड्या!"

"मंग उलथीपालथी करायची!"

पोरं एकमेकांवर तुटून पडली. चुकलेला घाबरला नव्हता, जिचं बरोबर, ती मिरवत नव्हती. बाई मधे पडत नव्हत्या. फक्त ज्याचं बोलणं दबलं त्याच्याकडं हात करत होत्या. करुणा दोन पावलं पुढं सरकली. अख्ख्या कॉलेजात तिनं एकदाही असं भांडण ऐकलं नव्हतं. कोऱ्या वह्यांचं, टायचं, बसचं तिला आजवर काय काय मोठं वाटलं होतं! आणि इथं, धुरात, मातीवर...

"आन पाऊस आला तर?"

आवाज बारीक होता. करुणानं इकडंतिकडं पाहिलं. तिच्या हातातलं बोट केव्हाच सुटलं होतं. आम्रपाली ओळीच्या टोकाला, दुर्गाला खेटून उभी होती.

जाहेदाबाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या. "हे तर आम्ही धरलंच नव्हतं. पाऊस आला तर काय करायचं गं?"

"झाकायची," आम्रपाली म्हणाली. "पन खालून पानी येतं. म्हनून उंच जागा पाह्यजे."

"व्हय रे, खालून तर येतंच!" सुरज म्हणाला, आणि भांडण पुन्हा पेटलं, आता त्यात आम्रपालीही होती.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. प्रमोद फाटकातूनच ओरडत आला, "अगं चल लवकर! वसमतच्या शाळेचे साहेब आज भेटतो म्हनले. पोरगी कुठाय?"

करुणानं ओठांवर बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, धुरानं म्हणायलाही हरकत नव्हती.

"हळू बोला," ती म्हणाली. "आपली आम्रू बोलून राहिली."

प्रमोद लिंबाकडं बघतच राहिला. मग तो जीपकडं वळला आणि मागच्या सीटखालची, घरच्या चुलीसाठी आणलेली जळणाची मोळी काढून खांद्यावर घेऊन आला.