एका दुकानाची दोन दुकानं

बाबली परबाला हिशेबात कोणी कधी फसवलं नाही. त्याचं जे नुकसान झालं ते त्यानं स्वतः, पूर्ण विचार करून, वर सल्लागाराची फी भरून करून घेतलं.

धारगळला हमरस्त्याला लागून त्याचं आणि धाकट्या गोकुळदासाचं हार्डवेअरचं दुकान. विमानतळाचं काम सुरू झालं तशी आजूबाजूला घरं उठू लागली आणि खिळे पोत्यानं खपू लागले. धंदा बाबलीच्या नावावर, म्हणून कर सगळा त्याच्याच डोक्यावर. पेडण्याच्या सल्लागारानं तोड काढली, दोघांच्या नावांवर दोन दुकानं करा. उद्या कोणी तपासायला आलं तर दिसायला काही हवं, म्हणून बाबलीनंच मधोमध प्लायवूड ठोकलं. रंग आणि नळ इकडे, हत्यारं आणि खिळे तिकडे.

"गोकळ्या, ही भिंत सरकारासाठी हां. आपल्यासाठी न्हय."

तिला त्यानं हातभर खिडकीही ठेवली. तिच्यातून सकाळचा चहा जायचा, गिऱ्हाईक जायचं, टोमणे जायचे. संध्याकाळी दोन्ही गल्ले एकाच टेबलावर ओतायचे.

मग एका हॉटेलवाल्याची मोठी यादी बाबलीकडे आली, रंग आणि हत्यारं मिळून. बाबलीनं हत्यारं खिडकीतून मागितली नाहीत. म्हापशाहून घाऊक आणली, चार पैसे जास्त सुटले. टेम्पोतून माल उतरताना गोकुळदास दारात उभा होता. त्या संध्याकाळी त्याचा गल्ला टेबलावर आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर पलीकडून फळी ठोकलेली होती.

याला चार वर्षं झाली. परवा फेब्रुवारीत बाबलीची बायको विनोदिनी मोबाईलवर बजेट ऐकत बसली होती.

"ऐकल्यात? बारा लाखांपर्यंत कसलोच कर ना म्हणतत."

बाबलीनं बजेट ऐकलं आणि प्लायवूडकडे पाहिलं. दोन्ही बाजूंची कमाई मिळून अकरा लाखांच्या आतबाहेर. भिंतीचं काम संपलं होतं. तो उठला, रस्त्यावरून वळसा घालून भावाच्या दारात गेला.

"एक हातोडो दी रे."

"खिळे मारूचो काय काढूचो?"

"काढूचो. मधल्या भिंतीचे." मग घाईघाईनं, "बजेट ऐकलंस मगे? आता दोगांक एकच दुकान पुरता."

गोकुळदासानं हातोडा शोधायला जरा जास्तच वेळ घेतला. वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाबलीला बरं वाटलं असतं.

"दादा, तुका बारा, माका बारा. दोगांचे चोवीस. एकत्र आलों तर दोगांक मेळून बारा." तो हसला. "ह्यो हिशेब तूच शिकयलंस माका."

बाबलीनं हिशेबात चूक शोधली. सापडली नाही.

"ते हॉटेलचं..." तो म्हणाला.

"कसलं हॉटेल? हातोडो साडेतीनशे. तुका धा टक्के कमी." आणि गोकुळदासानं बिलबुक ओढलं, वर ठळक अक्षरात लिहिलं, 'बाबली परब, धारगळ'. सगळ्या गिऱ्हाइकांचं लिहितात तसं.

परत आल्यावर बाबली प्लायवूडपाशी उभा राहिला. जुन्या खिडकीच्या जागी त्यानं बोटानं हळूच ठोकलं. पलीकडे टांगलेल्या करवती किणकिणल्या.

"सांबाळ हां दादा, पडतीत!" पलीकडून आवाज आला.

त्यानं हात मागे घेतला.

"हातोडो कित्याक हाडल्यात?" विनोदिनीनं विचारलं.

"दुकानाच्या खर्चाक घालूक," बाबली म्हणाला. "बिल पक्कं आसा."